टोमॅटोची निर्दोष सुटका

डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि हाताने चाचपल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारे गृहस्थ अख्ख्या पनवेलमध्ये एकच, आणि ते नेमके आमच्या समोरच्या दारात राहत होते. सूर्य पूर्वेला उगवतो हे शाळेत शिकवलं म्हणून त्यांनी मानलं नसणार; गच्चीवर जाऊन चार-दोन सकाळी स्वतः खात्री करून घेतली असणार आणि मगच सूर्याला परवानगी दिली असणार. त्यांना सगळी इमारत काका म्हणायची, आम्हीही काकाच म्हणायचो. जन्म उरणकडच्या एका मिठागरांच्या गावातला, आणि नोकरी न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात. तिथे त्यांचं काम एकच होतं. कंटेनरच्या दाराला एक सील असतं, त्या सीलवर नंबर असतो. कागदावरचा नंबर आणि सीलवरचा नंबर जुळला तरच गाडी फाटकाबाहेर सोडायची. तीस वर्षं ऊन-पावसात उभं राहून त्यांनी हे केलं, आणि निवृत्त झाल्यावर जुळवायला कंटेनर उरले नाहीत म्हणून ते आमच्याकडे वळले.

आमच्या लिफ्टमध्ये 'आठ माणसे' अशी पाटी होती. बाकीचे लोक ती पाटी वाचून आत शिरायचे. काकांना प्रश्न पडला, कसली आठ? सोसायटीच्या सभेत ते घरचा वजनकाटा काखेत मारून आले आणि "कुटलीपन आठ मानसं उभी ऱ्हावा," म्हणाले. अध्यक्षांनी काट्यावर चढायला साफ नकार दिला, पण बाकीचे हौसेने चढले. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्या पाटीखाली काकांच्या टपोऱ्या अक्षरात कागद लागला: 'आपल्या इमारतीची माणसे: सहा.' मच्छीबाजारात तर त्यांची ख्याती अशी की ते लांबून येताना दिसले की कोळीणबाई आपणहून माशाचा कल्ला उघडून धरायची आणि म्हणायची, "ये, आदी बघून घे बाबा, मंग बोल." किराणा दुकानात बिस्किटांच्या पुड्यामागची बारीक अक्षरं ते मोठ्यांदा वाचायचे, त्यामुळे त्यांच्या मागे रांगेत उभं राहिलेल्या माणसाने बिस्किटं परत ठेवल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. काकी, म्हणजे त्यांची बायको, हसून सांगायची, "मना बघाया आले तवा माजं नाव विचारलान. मी सांगितलं. तर हे माज्या बापाला बोल्ले, शालंचा दाखला हाय का?"

मी कामोठ्यात गणिताचे क्लास घेते. गणित शिकवणाऱ्या बाईला असा शेजारी आवडायला हवा, पण खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मला काकांचा वैताग यायचा. आमच्या दुधाच्या पिशवीवरची तारीख माझ्याआधी त्यांनी वाचलेली असायची. मग जुई आजारी पडली.

जुई माझी मुलगी. तेव्हा सात वर्षांची, दुसरीत. एका सकाळी तिने दात घासायला नकार दिला. मी ओरडले, तर म्हणाली, ब्रश धरता येत नाही. दोन दिवसांनी ती जिन्यावरून बसून बसून, लहान बाळासारखी उतरली. मला वाटलं शाळेत पडली असेल आणि सांगत नसेल. गुडघा सुजला, मग मनगट. सकाळी लाकडासारखी ताठ उठायची आणि अकरा वाजेपर्यंत पुन्हा उड्या मारायची, त्यामुळे शाळेला दांडी मारायचं हे नाटक आहे असंही घरात बोलून झालं. ते मीच बोलले होते. तीन डॉक्टर आणि पुष्कळ रक्ततपासण्या झाल्यावर मुंबईच्या एका लहान मुलांच्या सांधेदुखीच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की हा मुलांचा संधिवात. मुलांना संधिवात होतो हेच मला ठाऊक नव्हतं. माझ्या लेखी तो गुडघ्याला तेल चोळणाऱ्या आज्यांचा आजार. बाईंनी समजावलं की शरीराचे पहारेकरीच चुकून आपल्या सांध्यांवर धावून जातात, औषधं बराच काळ घ्यावी लागतील, डोळे वेळोवेळी तपासावे लागतील, आणि पुष्कळ मुलं यातून छान बाहेर पडतात. "खाण्याचं काय?" मी विचारलं. "घरचं साधं, सगळं खाऊ द्या," त्या म्हणाल्या.

एवढ्या मोठ्या आजाराला एवढं छोटं पथ्य माझ्या मनाला पटलं नाही. आणि ज्याचं समाधान डॉक्टर करत नाहीत त्याचं करायला नातेवाईक बसलेलेच असतात. सासूबाईंनी आंबट बंद केलं. त्यात दही, ताक, चिंच, लिंबू, कैरी सगळं गेलं. पुण्याच्या मावसबहिणीने गहू सोडायला सांगितला. कोणी म्हणालं बटाटा आणि वांगं वातूळ, कोणी म्हणालं दूधच खरं विष, आणि टोमॅटोबद्दल तर सगळ्यांचंच एकमत होतं. ज्यांचं आपसात कधी पटलं नाही ते टोमॅटोच्या विरोधात एक झाले. मी फ्रीजच्या दारावर यादी लावली. यादी वाढत गेली आणि जुईचं ताट लहान होत गेलं. शेवटी मऊ भात, मुगाचं वरण, दुधी आणि ज्वारीची भाकरी एवढंच उरलं. मैत्रिणीच्या वाढदिवसाला ती स्वतःचा डबा घेऊन गेली आणि सगळ्यांच्या पावभाजीच्या ताटांमध्ये बसून दुधी खाऊन आली. तिचं वजन घटलं. सूज मात्र होती तिथेच होती.

एके संध्याकाळी जुई आमच्या दारात पायरीवर बसली होती आणि काका समोर आपल्या दाराच्या बिजागरीला तेल घालत होते. मी आत कणीक नव्हे, ज्वारीचं पीठ मळत होते. जुईने त्यांना विचारलं, "काका, मी काय खाल्लं म्हणून मला हे झालं?"

माझा हात पिठात तसाच राहिला. हा प्रश्न तिने मला कधी विचारला नव्हता. कदाचित उत्तर फ्रीजवर लावलेलं आहे असं तिला वाटत असावं.

काकांनी तेलाची बाटली खाली ठेवली. मग म्हणाले, "मना म्हाईत नाय, पोरी. बघू या."

जुईच्या आजारात इतक्या महिन्यांत 'मला माहीत नाही' म्हणणारा तो पहिला मोठा माणूस.

अर्ध्या तासाने ते शंभर पानी वही घेऊन आमच्याकडे आले, फ्रीजसमोर उभे राहिले आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचली. "ही कोनी केली?"

"मी."

"टोमॅटो खाल्ला नि गुडघा सुजला, ह्ये कोनी बघितलं?"

"बघितलं असं नाही, लोक सांगतात, काका."

"लोक सांगतात म्हंजे बिनसीलाचा डबा, बाय. तो फाटकातून जायाचा नाय." आणि मग हळू आवाजात, "पोर उपाशी हाय गो."

पण यादी फाडून टाकायलाही ते तयार नव्हते. कदाचित एखादी वस्तू खरंच बाधत असेल, न तपासता तिला सोडून देणं हाही त्यांच्या हिशेबी गुन्हाच होता. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं ठरवलं. पुढच्या तपासणीला पांढरा शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून ते आमच्याबरोबर मुंबईला आले आणि बाईंना म्हणाले की मला एकेका पदार्थाची चौकशी करायची आहे, परवानगी द्या. बाईंना गंमत वाटली असावी. त्यांनी तीन अटी घातल्या: एका वेळी एकच पदार्थ, वजन घटता कामा नये, आणि औषधाला हात लावायचा नाही. काकांनी अटी वहीत लिहून घेतल्या आणि वही बाईंपुढे सरकवली. "सही करा." बाईंनी सही केली. मला वाटतं त्यांच्या कारकिर्दीत पेशंटच्या शेजाऱ्याने सही घेतल्याची ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला आमची बेल वाजू लागली. जुईने काकांचं बोट मुठीत धरून आवळायचं, जमिनीवरचा रुमाल वाकून उचलायचा, आणि हॉलमधून दारापर्यंत चालायचं. दारापर्यंत पोचायला किती सेकंद लागले ते काका घड्याळात बघून लिहायचे. दुखणं किती, हे मात्र तिचं तिनेच सांगायचं. एक ते दहा आकडे काढून पाहिले, पण तिला ते परीक्षेच्या गुणांसारखे वाटायला लागले आणि ती रोज जास्त गुण मिळवायला बघू लागली. तेव्हा काकांनी वहीच्या पहिल्या पानावर मासे काढले. सगळ्यात बारीक जवळा, मग मांदेली, बांगडा, सुरमई आणि शेवटी देवमासा. आम्ही शाकाहारी, त्यामुळे यातला एकही मासा आमच्या घरात कधी आलेला नव्हता, आता रोज सकाळी दारात उभं राहून काका विचारायचे, "आज काय गावलं?" आणि आतून माझी मुलगी ओरडायची, "बांगडा." सासूबाई देवघरातून कानांवर हात ठेवायच्या. दुधाचा अण्णा एकदा मला म्हणाला, ताई, तुमच्याकडे पण सुरू झालं का?

काकांनी आणखी एक गोष्ट केली, जी आम्हाला कितीतरी उशिरा कळली. जुईने जे जे सोडलं होतं ते ते त्यांनीही सोडलं होतं. चहातलं दूध गेलं, चपाती गेली, आमटीतली चिंच गेली. काकीने मला हे जिन्यात सांगितलं आणि वर म्हणाली, "मी बोल्ली, तुमचा काय गुडगा सुजलाय? तर बोल्ले, ती एकटी खाते ना दुधी."

चौकशी गव्हापासून सुरू झाली. पंधरा दिवस चपाती, बाकी काही नवीन नाही. जवळा, मांदेली, बांगडा, मांदेली. गव्हाच्या आधीचे पंधरा दिवस शेजारी ठेवून बघितले, फरक नाही. गहू सुटला, आणि पहिली तुपाची पोळी खाताना जुईने डोळे मिटून घेतले होते. बटाटा सुटला. वांग्याला जुईनेच परत घ्यायला नकार दिला. तिला ते मुळातच आवडत नव्हतं आणि या निमित्ताने ते कायमचं बंद राहिलं तर तिला हवं होतं. काकांनी वहीत लिहिलं: 'वांगे: फिर्यादी गैरहजर.'

मग टोमॅटोची पाळी आली, आणि घोटाळा झाला. टोमॅटोच्या दुसऱ्याच दिवशी जुईने सुरमई सांगितली. तिसऱ्या दिवशीही सुरमई. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मीही काकांना म्हणाले, "बघा, आता तर डोळ्यांनी दिसलं ना?"

काका वहीकडे बघत बसले. "तुना म्हाईत होतं टोमॅटो हाय. तिलापन म्हाईत होतं. तुमच्या सासूबाय तर दोन दिवस तिच्या गुडग्याकडंच बघत बसल्यात. घाबरलेल्या पोराचा गुडगा दुखत नाय का?"

आणि मग त्यांनी तो उद्योग मांडला ज्याची आमच्या मजल्यावर अजून आठवण काढतात. रोज दुपारचं सार काकी आपल्या घरी, आमच्या भांड्यांत करणार. काही दिवस टोमॅटोचं, काही दिवस बीट आणि कोकमाचं, पण रंग तोच आणि आंबटपणाही जवळपास तोच. कुठल्या दिवशी काय, हे फक्त काकीला ठाऊक. ती आपल्या कॅलेंडरवर खूण करणार आणि कॅलेंडर कपाटात. मला, जुईला, कोणालाच सांगायचं नाही, आणि सगळ्यात अवघड म्हणजे काकांनाही नाही. मध्ये कोणी डबा उघडून हुंगू नये म्हणून काकांनी डब्याच्या कडीला यार्डातल्या नमुन्याच्या जुन्या प्लास्टिकच्या सीलांपैकी रोज एक सील लावलं. साडेबाराला डबा यायचा, जुई सीलचा नंबर वाचायची, काका वहीतला नंबर वाचायचे, जुळला की कात्री. ती शाळेतून धावत यायची या कात्रीसाठी. म्हणजे धावत नाही, पण जमेल तितक्या लगबगीने. आणि तिकडे काका, ज्यांनी उभ्या आयुष्यात एक कांद्याची गोणीही न उघडता घरात घेतली नव्हती, ते रोज सकाळी स्वतःच्या स्वयंपाकघराबाहेर जिन्यात येऊन बसायचे. आत फोडणीचा वास आला तर नाकाला रुमाल लावायचे. "ह्ये तीन आठवडं मना यार्डातल्या तीस वर्सांपेक्षा जड गेलं," ते मला नंतर म्हणाले.

तीन आठवड्यांनी रविवारी आमच्या हॉलमध्ये काकीने कॅलेंडर आणलं. काकांनी वही उघडली. ती वार वाचायची आणि ते मासा वाचायचे. टोमॅटो, मांदेली. टोमॅटो, जवळा. बीट, मांदेली. बीट, बांगडा. टोमॅटो, मांदेली. त्या तीन आठवड्यांतली एकुलती एक सुरमई बिटाच्या दिवशी निघाली. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि सगळं परत एकदा वाचायला लावलं. मग जुईकडे वळून म्हणाले, "टोमॅटो निर्दोष." जुई उठली, फ्रीज उघडला, एक अख्खा टोमॅटो धुतला, त्याला मीठ लावलं आणि आजीच्या शेजारी बसून खाल्ला. सासूबाईंनी तिच्या हनुवटीवरचा रस पदराने पुसला. दह्याचं मात्र शेवटपर्यंत नक्की काही कळलं नाही, कधी फरक वाटायचा, कधी नाही. काकांनी त्याच्यापुढे 'संशयाचा फायदा' असं लिहून तेही सोडून दिलं.

ही गोष्ट इथेच संपली असती तर मला सांगायला फार बरं वाटलं असतं.

जुईचं औषध आठवड्यातून एकदा, शनिवारी असायचं. पिवळ्या गोळ्या. त्या घेतल्या की रविवारी तिला मळमळायचं, उलट्या व्हायच्या. पुढे पुढे गोळ्या काढायच्या आधीच, पिवळा रंग बघूनच तिला उमासे यायला लागले. तिचे बाबा मालवाहतुकीच्या ऑफिसात कामाला, शनिवारी त्यांची दुसरी पाळी. त्यामुळे तिचं तोंड धरून गोळी घालायचं काम माझ्या एकटीचं. आपल्या मुलीला आपल्या हातांची भीती वाटते हे बघणं काय असतं ते मी लिहू शकत नाही. त्याच सुमाराला क्लासमधल्या एका मुलाच्या आईने मला एका आहारोपचारवाल्याच्या व्याख्यानाला नेलं. गोड बोलणारा माणूस होता. तो म्हणाला, औषध चालू असताना आहाराचा गुण कसा दिसेल? आधी विष थांबवा. मी गणित शिकवते. मुलांनी पायरी गाळली तर मी गुण कापते. पण त्या शनिवारी मी गोळ्या काढल्या, वाटीत ठेवल्या, आणि परत डबीत घातल्या. जुईला सांगितलं की या आठवड्यात सुट्टी आहे, पण हे आपल्या दोघींतच. ती मला बिलगली. घरात सगळ्यांना सांगितलं, दिल्या.

दुसऱ्या शनिवारीही तेच. तिसऱ्या, चौथ्या. रविवारी ती हसत उठायची, पोहे खायची. मला वाटलं, मी जिंकले.

पाचव्या आठवड्यात सकाळचे मासे मोठे व्हायला लागले. बांगडा, सुरमई, सुरमई. घरात पुन्हा चर्चा सुरू झाली की काय खाण्यात आलं, टोमॅटोला उगीच सोडलं का. त्या बुधवारी जुई शाळेला गेल्यावर काका पुन्हा आले. वही उघडून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. त्यात रविवारचा एक रकाना होता, 'मळमळ' असा.

"चार रविवार पोरीनं उलटी केली नाय," ते म्हणाले. "मना आनंद व्हायाला पायजे. पन झाला नाय."

आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं. त्यांनी विचारलं असतं तर मी कदाचित खोटं बोलले असते. पंखा फिरत होता. मी स्वयंपाकघरात गेले, मोहरीच्या डब्यामागून गोळ्यांची डबी आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली. मी म्हणाले, "तुम्हाला काय म्हणायचंय ते म्हणा."

"यार्डात मी एकदा सील न बघता सही केलीवती," काका म्हणाले. "अंगात ताप व्हता. गाडी लायनीत शेवटची व्हती. वाटलं, असलंच बरोबर."

"मग काय झालं?"

"काय नाय. नंबर बरोबरच असंल. कोनाला कदी कललं नाय. पन मी घरी येऊन जेवलो नाय." त्यांनी डबी उचलून माझ्या हातात दिली. "थकलेल्या मानसाकडून व्हतं, बाय. आता डॉक्टरीनबाईंना फोन लाव. मी हितंच बसतो."

फोनवर सगळं खरं सांगेपर्यंत ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून होते, कुठेतरी भिंतीकडे बघत. बाई रागावल्या नाहीत; रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. जुईच्या गुडघ्यातलं पाणी काढावं लागलं, सांध्यात इंजेक्शन द्यावं लागलं. डोळे तपासले, ते सुदैवाने ठीक होते. गुडघा पुन्हा सरळ व्हायला तीन महिने गेले. रात्री... नाही, त्या तीन महिन्यांबद्दल मी आणखी लिहिणार नाही. एवढंच सांगते की नंतर मी ती वही चाळली तेव्हा त्या बुधवारच्या पानावर काकांनी लिहिलं होतं, 'औषध चुकले: चार शनिवार.' कोणी चुकवलं ते लिहिलं नव्हतं. ज्यांच्या वहीत दूधवाल्याच्या सायकलचा पंक्चर झालेला टायरसुद्धा पुढचा की मागचा हे नोंदलेलं असायचं, त्यांनी ती जागा कोरी सोडली होती.

त्यानंतर शनिवारी रात्री काका आणि काकी दोघं आमच्याकडे यायला लागले. काकांच्या हातात ताटली, ताटलीत कच्च्या कारल्याची एक चकती. जुईने डोळे मिटून गोळी गिळायची आणि त्याच क्षणी काकांनी कारलं चावून खायचं, असा करार झाला होता. काका तोंड वाकडं करण्यात कमालीचे प्रामाणिक होते. पहिल्या दिवशी जुई इतकी हसली की गोळी कधी गेली ते तिला कळलंच नाही. मळमळीबद्दल त्यांनी मला बाईंशी बोलायला लावलं. बाईंनी गोळीची वेळ जेवणानंतर रात्री झोपताना केली आणि सोबतचं एक औषध बदललं. हे आधीच विचारायला हवं होतं. मी नुसतं सोसत बसले होते, आणि सोसणं म्हणजे आईपण असं मला वाटत होतं.

मग खाण्याने काहीच फरक पडला नाही का, असं मला पुष्कळ जण विचारतात. पडला. सगळं खायला लागल्यावर तिचं वजन भरलं, गालांवर रंग आला, व्यायाम करायला अंगात जोर आला. वाटीभर भाजी, फळं, मूठभर शेंगदाणे, पुड्यांतलं तळलेलं कमी, एवढंच आमच्या घराचं पथ्य राहिलं आणि ते आम्ही सगळेच पाळतो. डॉक्टरबाईंनी वही बारकाईने वाचली आणि काकांना म्हणाल्या, "छान आहे, पण ही एका मुलीची वही आहे. दुसऱ्या मुलाची वेगळी निघू शकते." दुसऱ्या कोणाचा हिरमोड झाला असता. काका खूश होऊन म्हणाले, "म्हंजे ज्याचं त्यानं बघाया पायजे. ह्येच मी बोलतोय." त्यांचं नाव थोडं पसरलं होतं, तेव्हा कामोठ्याहून एक आई आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन त्यांच्याकडे आली आणि काय बंद करू असं विचारू लागली. काकांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "डॉक्टर काय बोल्ले?" ती यादी मागत राहिली, ते यादी देईनात. शेवटी ती नाराज होऊन निघाली तेव्हा ते लिफ्टपर्यंत गेले आणि म्हणाले, "औषध नको सोडू हां, ताय." मग जरा थांबून, "नि सोडलंस तर लपवू नको."

जुई आता तेरा वर्षांची आहे. दीड वर्ष झालं, सांधे शांत आहेत. बाई औषध हळूहळू कमी करत आहेत. दुखणं पुन्हा उठणारच नाही असं त्या म्हणत नाहीत, आणि आता मीही कोणाकडून तसं वदवून घ्यायला जात नाही. वही केव्हा बंद झाली ते मला नेमकं आठवत नाही. सातची बेल आधी आठवड्यातून तीनदा, मग एकदा, मग सणावारी अशी कमी होत गेली. गेल्या वर्षी काका-काकी गावी मोठ्या मुलाकडे राहायला गेले. समोरच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत, दार बंद असतं.

थंडीत त्यांनी आम्हाला पोपटीला बोलावलं. दुपार कलत असताना घरामागच्या मोकळ्या जागेत मडकं लावलं होतं. आत वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, वर भांबुर्ड्याचा पाला, आणि भोवती पेंढ्याचा जाळ. आम्ही येणार म्हणून काकीने त्यात कोंबडी-अंडी काही घातलं नव्हतं. काका जरा वाळल्यासारखे दिसले. मडकं उपडं केल्यावर धुराचा, ओव्याचा, हिरव्या पाल्याचा वास सुटला आणि सगळे केळीच्या पानांभोवती बसले. जुई काकांच्या शेजारी. ती शाळेतल्या कुठल्याशा बाईंची नक्कल करत होती, शेंगा सोलत होती, बोटं चाटत होती. मऊ रताळं झालं, मग दुसरं, मग काकीने न विचारता आणखी दोन मुठी शेंगा तिच्यापुढे टाकल्या. माझंच लक्ष होतं. ती काय खाते, किती खाते, हे अजून माझ्या नजरेतून सुटत नाही.

मी काकांकडे पाहिलं. ते तिच्या पानाकडे बघत नव्हते. खाडीच्या बाजूला ऊन उतरलं होतं, चिखलात बगळे उभे होते, आणि ते तिकडे बघत तिची नक्कल ऐकत बसले होते, मधूनच हसत.